टिल्लू, हात सोड

सहा फुटांना जेमतेम दोन बोटं कमी असलेल्या, खर्जात गाणाऱ्या आणि रोज संध्याकाळी नाट्यगृहभर माणसांचे तळतळाट घेणाऱ्या माणसाला ‘टिल्लू’ म्हणणारी जगात एकच व्यक्ती उरली होती, ती म्हणजे त्याची आत्या. नाटक मंडळीत त्याला सगळे काकासाहेब म्हणत, कारण नाटकात तो नायिकेचा दुष्ट काका व्हायचा. पण आपण त्याला टिल्लूच म्हणू. जे काही घडलं ते त्या नावामुळेच घडलं.

नाटकाचं नाव होतं ‘मीठ आणि वारा’. गाण्यांचं, नाचाचं, समोर बसलेल्या वाद्यवृंदाचं मोठं नाटक. एका बंदराची गोष्ट होती. बंदराचा मालक गावात गाण्यावर बंदी घालतो, का, तर गाणी म्हणताना हमालांचे हात मंदावतात. त्याची अनाथ पुतणी मात्र लपूनछपून बासरी वाजवते आणि एका नावाड्याच्या प्रेमात पडते. काकाला हे कळतं, तो बासरी मोडतो आणि भर वादळात तिला हाताला धरून घराबाहेर काढतो. तिथे मध्यंतर. पुढे काय होतं ते नाटक न बघताही कोणी सांगेल, पण लोक तरी बघायला यायचे, आणि दोन-दोनदा यायचे.

हे नाटक घेऊन मंडळी वर्षातले बरेच महिने फिरतीवर असत. दोन ट्रकांत नेपथ्य आणि कपडे, एका बसमध्ये माणसं. गाव बदललं की नाट्यगृह बदलायचं. कुठे विंगेत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने श्वास आत घ्यायचा, कुठे रंगमंचाच्या फळ्या नको तिथे करकरायच्या, कुठे मेकअपच्या खोलीत आरसा असायचा तर दिवा नसायचा. टिल्लूला हे सगळं मनापासून आवडायचं. नव्या नाट्यगृहात शिरलं की तो आधी रिकाम्या खुर्च्यांकडे तोंड करून एक लांब खर्जातला सूर लावायचा आणि तो सूर कुठे जाऊन आदळतो ते ऐकायचा. चाळिशी उलटली तरी रोज गायला मिळतंय, रोज लोक आपल्यावर मनापासून चिडताहेत, याहून माणसाला आणखी काय हवं, असं त्याला वाटायचं.

फक्त एक गोम होती. आत्याला तो नायक वाटत होता.

यात त्याने खोटं असं काही सांगितलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी काम मिळालं तेव्हा त्याने तिला फोन केला होता. मोठं काम आहे, तीन गाणी आहेत, असं सांगितलं होतं. फोनवर खरखर होती. आत्याने विचारलं, म्हणजे मुख्य काम का? त्याने म्हटलं, तसंच म्हण. त्या ‘तसंच म्हण’ने पुढे चांगलंच बाळसं धरलं. आत्याने शेजारी सांगितलं, शाळेत सांगितलं, दुकानात सांगितलं. नाटकाच्या जाहिरातीवर होडीत बसलेला नायक आणि नायिका पाठमोरे दाखवले होते. आत्याने ती जाहिरात स्वयंपाकघराच्या दाराला लावली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ती दाखवून म्हणायची, पाठ बघा, अगदी त्याच्या बापाची पाठ आहे. दर फोनला टिल्लू ठरवायचा, आज सांगून टाकू. आणि दर फोनला आत्या आधी तिचं सांगायची, आणि ते ऐकता ऐकता त्याचं सांगायचं राहून जायचं.

आत्या शाळेत खेळ शिकवायची. टिल्लू सहा वर्षांचा असताना त्याची आई गेली. वडील सदा फिरतीवर, तेव्हा आत्याने त्याला आपल्या घरी आणलं. तो तिच्याच शाळेत शिकला. त्यामुळे घरी आत्या, मैदानावर बाई, आणि दोन्हीकडे आवाज एकच. मैदानाच्या एका टोकाला उभं राहून ती दुसऱ्या टोकाच्या मुलाला बूट नीट बांधायला सांगायची, आणि तो वाकून बूट बांधायचा. तिने कधी कोणाला हात लावला नाही, तशी वेळच आली नाही. तिचा आवाज कानात शिरून थेट हातापायांत उतरायचा, डोक्याला विचारायला थांबायचा नाही. आता तिला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण गावातली निम्मी माणसं तिच्या हाताखालून गेलेली होती आणि रस्त्यात ती दिसली की भलेभले अजून खांदे मागे घेऊन चालायचे.

तर एका वर्षी दौऱ्यात आत्याचं गाव आलं.

टिल्लूने बस थांबल्या थांबल्या पिशवी मंडळींच्या मुक्कामी टाकली आणि घर गाठलं. दाराशीच आत्याने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं, वाळलास म्हणाली, आणि लगेच कपाटातून एक पाकीट काढून त्याच्यासमोर धरलं. त्यात तिकिटं होती. पाचव्या आणि सहाव्या रांगेतली, सगळी मधली. शेजारचे दाताचे डॉक्टर आणि त्यांची बायको, शाळेतल्या जुन्या बाई, वाचनालयातले दोघे, दुकानवाले, त्यांच्या सुना, कोणी राहिलं नव्हतं. आत्याने सगळ्यांना बजावलं होतं की माझा टिल्लू आला की टाळ्या अशा पडल्या पाहिजेत की छताची धूळ खाली आली पाहिजे.

टिल्लूने तिकिटं परत पाकिटात घातली. त्याने घसा साफ केला आणि म्हणाला, “आत्या, नायक म्हणजे ना...”

“नायक म्हणजे काय ते मला शिकवू नकोस,” आत्या म्हणाली. “जेव आधी.”

जेवताना त्याने परत सुरुवात केली, तेवढ्यात दाताचे डॉक्टर आले. त्यांनी टिल्लूचा हात हातात घेऊन तो बराच वेळ हलवला आणि म्हणाले की लहानपणी तुझा एक दात मी काढला होता तेव्हा तू जो सूर लावला होतास, त्याच वेळी मी ओळखलं होतं. तिसऱ्यांदा, निघताना, बूट घालता घालता तो म्हणाला की नाटकात मी पटकन ओळखू येणार नाही कदाचित. आत्याने त्याची कॉलर सारखी केली आणि म्हणाली, तुला मी अंधारात ओळखीन. झालं. तो पायऱ्या उतरला.

नाट्यगृहात येऊन त्याने ही सगळी कहाणी नायिकेला सांगितली. नायिका त्याच्याहून निम्म्या वयाची, बारकी, चपळ, आणि हसायला लागली की आवरायची नाही. ती आधी कपड्यांच्या पेटीवर बसून पोट धरून हसली, आणि मग डोळे पुसून म्हणाली, अजून वेळ आहे, पळत जा आणि सांगून ये. पण तेव्हा नेपथ्य लागत होतं, काकाच्या घराचं फिरतं दार या रंगमंचावर अडकत होतं आणि ते सुटेपर्यंत टिल्लूला हलता येईना. रंगमंचाची सगळी सूत्रं ज्यांच्या हातात होती त्यांना मंडळी ‘घड्याळबाई’ म्हणत. त्यांच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी नटांच्या जागांच्या खुणेची पट्टी जमिनीवर चिकटवत एवढंच विचारलं की आत्या किती वाजता येणार. वेळेवर, टिल्लू म्हणाला. मग मला काही अडचण नाही, असं म्हणून त्या पुढच्या खुणेकडे वळल्या.

संध्याकाळी टिल्लू आरशासमोर बसला. रबराचं लांब नाक त्याने डिंकाने चिकटवलं, पांढरा टोप चढवला, गालांवर सावल्या ओढल्या, टाचेपर्यंतचा काळा कोट आणि काळी टोपी घातली. एरवी या वेळी त्याच्या अंगात काका शिरायला लागायचा, पाठीला बाक यायचा, ओठ एका बाजूला जायचा. आज आरशातून एक सहा वर्षांचा मुलगा मोठं नाक लावून त्याच्याकडे बघत होता.

पडदा उघडला. टिल्लू विंगेत उभा राहून पाचवी रांग शोधत होता. आत्या बरोब्बर मधोमध बसली होती, ठेवणीतल्या कपड्यांत, ताठ, आणि डोळ्यांना शाळेच्या क्रीडादिनाची दुर्बीण लावून. नायक होडीतून आला, पाठमोरा. दोन्ही रांगांनी टाळ्यांचा असा कडकडाट केला की नायकाला वाटलं, आपण या गावात भलतेच लोकप्रिय आहोत. त्याने खुशीत येऊन मान वळवली. टाळ्या विरल्या. दाताच्या डॉक्टरांनी आत्याकडे पाहिलं, आत्याने दुर्बिणीचं चाक फिरवलं, पुन्हा पाहिलं, आणि दुर्बीण रंगमंचावरच्या एकेका माणसावर फिरू लागली. हमालांवर, कोळ्यांवर, कंदील धरलेल्या पहारेकऱ्यावर. टिल्लू विंगेत दोन पावलं मागे सरकला.

मग त्याला जावंच लागलं. वाद्यवृंदातल्या मोठ्या पितळी वाद्यांनी काकाची चाल वाजवली, फिरतं दार फिरलं आणि काका आला. पहिलं गाणं होतं ‘मी म्हणेन ती पूर्व’. त्यात तो हमालांच्या रांगेतून फिरतो आणि गुणगुणणाऱ्या एकेकाच्या तोंडावर काठी ठेवतो. लोकांनी नेहमीप्रमाणे हुर्यो केली. सहाव्या रांगेतल्या दुकानवाल्याने तर मेल्या असा शब्द काढला. टिल्लूने शेवटचा लांब सूर लावला आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. दुर्बीण खाली आली होती. आत्या नुसत्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत होती.

ओळखलं, त्याला कळलं. अंधारात नाही, उजेडातच ओळखलं.

त्यानंतरचं काम त्याने कसं केलं ते त्याचं त्याला आठवत नव्हतं. पाय सवयीने पडत होते, तोंडातून शब्द येत होते. असं करत करत मध्यंतराआधीचा प्रवेश आला. वादळाचे ढोल सुरू झाले. काकाने बासरी गुडघ्यावर मोडली आणि पुतणीचं मनगट धरलं. हे मनगट धरणं म्हणजे नुसता देखावा असतो. तो बोटं सैल ठेवायचा, उलट नायिकाच त्याची बाही घट्ट पकडायची आणि स्वतःला पिरगळून घेत गुडघ्यांवर यायची. त्याने फक्त दात खायचे. पण ते इतकं हुबेहूब व्हायचं की समोरच्या बाया डोळ्यांवर हात घ्यायच्या. नायिका किंचाळली. नाट्यगृहात कोणी श्वास घेईना.

आणि पाचव्या रांगेतून, मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जावा तसा आवाज आला.

“टिल्लू. हात सोड तिचा.”

टिल्लूने हात सोडला.

त्याने काही ठरवून सोडला नाही. बोटं आपली आपण उघडली. एवढंच काय, टाचा जुळल्या आणि दोन्ही हात बाजूला येऊन ताठ झाले. ढोलवाल्याची काठी हवेत राहिली. नायिका गुडघ्यांवर होती ती तशीच त्याच्याकडे बघत राहिली, आणि तिचे ओठ थरथरू लागले, रडण्याने नव्हे. आत्याने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड झाकलं. शेजारी डॉक्टरांच्या बायकोने तिचा दंड धरला.

शांतता इतकी लांबली की विंगेतल्या घड्याळबाईंनी पडदा पाडायला हात वर केला. तेवढ्यात टिल्लूने डोक्यावरची काळी टोपी काढली, समोरच्या अंधाराकडे तोंड केलं आणि काकाच्या त्याच घोगऱ्या आवाजात म्हणाला, “सोडला, आत्या.”

हसू वरच्या सज्जातून सुरू झालं आणि खाली कोसळलं. माणसं खुर्च्यांच्या पाठी बडवत होती. वाद्यवृंदाचा प्रमुख छडी तोंडात धरून हसत होता. नायिका मात्र तोवर सावरली होती. ती उठली, कपडे झटकले आणि ठसक्यात म्हणाली, “मी माझी जाते, काका. घरात कोणाचं तरी ऐकता, हे आज कळलं.” आणि फिरतं दार स्वतः ढकलून वादळात निघून गेली. ढोल पुन्हा सुरू झाले. काका रंगमंचावर एकटा उरला, आणि त्याला त्याचं सगळ्यात क्रूर गाणं म्हणायचं होतं. तो संतापून गाऊ लागला तसे लोक अधिकच हसू लागले, लोक हसले तसा काका अधिकच संतापला, आणि असा संताप टिल्लूला त्याआधी कधी साधला नव्हता.

मध्यंतरात तो बोलणी खायच्या तयारीने घड्याळबाईंसमोर जाऊन उभा राहिला. त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. वळल्या तेव्हा डोळ्यांतलं काजळ गालांवर आलं होतं, पण चेहरा कामाचा होता. त्या म्हणाल्या, “उद्या हात सुटला तर मी तुला सोडणार नाही.”

नाटक संपल्यावर आत्या मागच्या दाराने आली. बाकीच्यांना तिने घरी धाडलं होतं. टिल्लू नाकावरचा डिंक सोडवत होता, अर्धं नाक लोंबत होतं. ती खुर्ची ओढून बसली आणि मेकअपचे डबे एकेक करून बघू लागली. टिल्लूने मान खाली घातली होती. आपल्यामुळे हिला सगळ्यांसमोर खाली बघावं लागलं, हे त्याच्या मनातून जाईना, आणि त्याने ते तसंच बोलून दाखवलं.

“खाली मी कशाला बघू?” आत्या म्हणाली. “नायकाने होडी वल्हवण्यापलीकडे काय केलं? लोक बघत होते ते तुझ्याकडे. तू समोर नसलास की तुला त्या पडद्यामागे शोधत होते.”

“मग?”

“मग काही नाही. तुला वाटलं, आत्याला नायकच हवा. दुसरं काही तिच्या घशाखाली उतरणार नाही. ते मला लागलं.”

तिने हात पुढे करून ते लोंबणारं नाक अलगद काढलं आणि डबीत ठेवलं. “आणि तीन वर्षं मी भलत्याच पोराच्या पाठीचं कौतुक करत बसले,” ती म्हणाली, आणि तिथे तिला जे हसू फुटलं ते थांबेना. टिल्लूही हसू लागला. दोघं इतकी हसली की शेजारच्या खोलीतून नायिका काय झालं ते बघायला आली.

नायिका आली तशी आत्या गंभीर झाली. तिने नायिकेचं मनगट दिव्याखाली धरून तपासलं. खरंच पिरगळतो का हा, असं विचारलं. नायिकेने मग तिला सगळी युक्ती करून दाखवली, कोण कोणाला धरतं, वजन कुठे घ्यायचं, किंचाळायचं कधी. आत्याने स्वतः करून बघायचा हट्ट धरला. पहिल्याच खेपेला तिने दात असे खाल्ले आणि भुवया अशा वर नेल्या की नायिका खरंच दचकली. आत्या म्हणाली, तीस वर्षं शाळेत काढली आहेत मी. घरी निघताना तिने टिल्लूच्या काळ्या कोटाची सैल झालेली गुंडी ओढून पाहिली आणि नाटकात ओरडल्याबद्दल माफ कर म्हणाली. मला ते मैदानच वाटलं, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारचा प्रयोग होता. सकाळपासूनच तिकीट खिडकीपुढे रांग लागली, आणि हे लक्षण काही बरं नव्हतं. रांगेतली माणसं आपापसात एकच गोष्ट सांगत होती. टिल्लू चहा घ्यायला बाहेर पडला तर चहावाल्याने पेला पुढे करत म्हटलं, टिल्लू, पेला सोड, आणि शेजारचे चौघे खिदळले. नायकाला काळजी पडली, कारण नायिकेचं सगळ्यात सुंदर गाणं मध्यंतरानंतर होतं. वादळात हाकललेली मुलगी बंदरावर एकटी बसून गाते. आधी तिला कोणी खरंच हाकललं नाही तर ते गाणं कोणाला टोचणार? घड्याळबाईंनी विंगेत सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं की लोक काही म्हणोत, आपण आपलं नाटक करायचं. टिल्लूने मान डोलावली, पण त्याच्या बोटांवर त्याचा स्वतःचाच भरवसा उरला नव्हता.

आत्याही आली. आज एकटीच, आठव्या रांगेत कडेला. तिने निरोप धाडला होता की मी तोंड उघडणार नाही, निश्चिंत राहा.

पहिला अंक चांगला रंगला. मग ढोल सुरू झाले, बासरी मोडली, काकाने मनगट धरलं. सज्जातून एक बारीक आवाज आला, टिल्लू, सोड तिला. मग खालून दुसरा. मग एकदम पन्नास. बघता बघता अख्खं नाट्यगृह एका सुरात ओरडू लागलं आणि तालावर पाय आपटू लागलं. टिल्लूने हात सोडला नाही. त्याने मनगट धरून ठेवलं, नायिकेने बाही धरून ठेवली, आणि दोघं त्या गलक्यात तशीच थिजून राहिली. किंचाळून उपयोग नव्हता, कोणाला ऐकू गेलं नसतं. नायिकेच्या डोळ्यांत आता हसू नव्हतं.

तेव्हा आठव्या रांगेच्या कडेला आत्या उभी राहिली. तिने रंगमंचाकडे पाठ केली आणि लोकांकडे तोंड. ती काही क्षण नुसती उभी राहिली. जे जवळ होते ते आधी गप्प झाले, मग त्यांच्या मागचे. कोणी उभं राहून पाय आपटत होतं ते पटकन बसलं. टिल्लूला वरून स्पष्ट दिसत होतं: पन्नाशीचे गृहस्थ, पोराबाळांच्या आया, बँकेतले साहेब, सगळे खांदे मागे घेऊन, हात मांडीवर ठेवून बसत होते.

“काल चूक माझी झाली,” आत्या म्हणाली. आवाज चढवायची तिला गरजच पडली नाही. “तो त्याचं काम करतोय. त्याला करू द्या.”

मग तिने मान वळवून रंगमंचाकडे पाहिलं. “चालू दे, टिल्लू,” म्हणाली, आणि बसली.

टिल्लूने एक श्वास घेतला आणि काका त्याच्या अंगात शिरला, वाट मोकळी मिळाल्यासारखा. त्याने पुतणीला ओढत दारापर्यंत नेलं. ती किंचाळली ती त्या शांततेत, आणि ती किंचाळी सज्जाच्या मागच्या भिंतीपर्यंत गेली. दार फिरलं. बाहेर वादळ आणि ती, आत काका आणि त्याची काठी. पुढच्या रांगेत एक लहान मुलगी हमसून हमसून रडू लागली, तिच्या आईने तिला जवळ घेतलं आणि स्वतःही डोळे टिपले. कोणी हसलं नाही. काकाचं गाणं संपलं तेव्हा टाळीसुद्धा पडली नाही, नुसती हुर्यो, खालून वरपर्यंत, मनापासूनची, भरभरून. खलनायकाला याहून मोठी पावती नसते. पडदा पडल्यावर टिल्लू अंधारात उभा राहून ती हुर्यो पूर्ण थांबेपर्यंत ऐकत राहिला.

मध्यंतरानंतर नायिकेच्या गाण्यात लोकांनी टाळ्या वाजवून तिला दोनदा थांबवलं. शेवटी सगळे नट रांगेत येऊन वाकले, तेव्हा टिल्लूच्या वेळी पुन्हा हुर्यो उठली आणि त्या सगळ्यावर एक शिट्टी ऐकू आली, दोन बोटं तोंडात घालून मारलेली, लांब, कानठळ्या बसवणारी. आत्या खुर्चीवर चढली होती. तिला आता कळलं होतं की या माणसाचं कौतुक कसं करतात.

उरलेले प्रयोग झाले. स्वयंपाकघराच्या दारावरची जाहिरात आत्याने काढली नाही, तिथेच रिकाम्या जागेत टिल्लूचा लांब नाकाचा फोटो डकवला. दाताचे डॉक्टर येणाऱ्या रोग्यांना सांगू लागले की त्या खलनायकाचा पहिला दात मीच काढला. आणि मंडळी निघायच्या दिवशी सकाळी बसजवळ आत्या एक छोटी पिशवी घेऊन हजर झाली. पुढच्या गावापर्यंतच येते म्हणाली, आतून सगळं कसं चालतं ते बघायचंय. टिल्लूने घड्याळबाईंकडे पाहिलं. घड्याळबाईंनी ड्रायव्हरमागची जागा रिकामी करून दिली.

ती आठवडाभर राहिली. पहिल्याच सकाळी तिने पाहिलं की नाचणारी मुलं झोपेतून उठून तशीच उड्या मारायला लागतात, मग कोणाची कंबर धरते, कोणाचा गुडघा. तिने सगळ्यांना रिकाम्या रंगमंचावर ओळीत उभं केलं आणि हातपाय मोकळे करायला लावले. नायक तक्रार करत आला आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन उभा राहू लागला. ट्रकवाले लांबून बघत होते, तेही मग येऊन मागच्या ओळीत सामील झाले. संध्याकाळी ती विंगेत स्टुलावर बसून नाटक बघायची आणि काका आत आला की त्याला पाण्याचा पेला द्यायची, आज कमी चिडले लोक, असं सांगायची, किंवा आज छान चिडले.

जायच्या दिवशी टिल्लू तिला गाडीवर सोडायला गेला. खिडकीतून तिने त्याला सांगितलं की फोन करत जा, आणि काम बदललं तर त्याच दिवशी सांग, मग ते झाडाचं असलं तरी. गाडी हलली. टिल्लू परत नाट्यगृहाकडे चालू लागला. रस्ता उन्हाने भरला होता, दुकानं उघडत होती. एका कोपऱ्यावर त्याने घसा मोकळा करायला एक खालचा सूर लावला तर समोरून येणारी एक बाई घाबरून पलीकडच्या बाजूला गेली. त्याला इतका आनंद झाला की पुढचा सूर त्याने आणखी खाली नेला.